ऐकू येणारी उशी

साताऱ्यात लेकाकडे राहायला आल्यावर महिन्याभरातच बनाबाईची मान डावीकडे वळायची बंद झाली. उजवीकडे ठीक वळत होती. डावीकडून कुणी हाक मारली की ती उजवीकडून पूर्ण गिरकी घेऊन त्या माणसापर्यंत पोचायची. तिच्या मुलाला, सिद्धूला, आधी वाटलं की आई रुसलीय. सुनेनं, सोनमनं, दोन दिवस बघितलं आणि तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याची झीज आहे, या वयात असतेच, म्हणाले. पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कागदाच्या तळाशी लिहिलं, उशी, चार बोटं उंच, कमी नको, जास्त नको. बनाबाईनं तो कागद तसाच खालच्या औषधाच्या दुकानात दिला. दुकानदारानं गोळ्या काढून दिल्या, 'उशी' या शब्दावर बोट ठेवलं आणि ही आमच्याकडे मिळत नाही, गादीवाल्याकडे जा, असं सांगितलं.

चार बोटं कुणाची, हा प्रश्न संध्याकाळी जेवताना निघाला. सिद्धू एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होता, त्याची बोटं जाड. सोनम दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, तिची बोटं बारीक. पट्टीनं मोजलं तर दोघांच्या चार बोटांत दीड सेंटिमीटरचा फरक आला. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या लेखी दीड सेंटिमीटर म्हणजे अख्खा माल नापास. सोनमनं हाडांच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या मुलीनं आत जाऊन विचारलं आणि डॉक्टरांची स्वतःची बोटं, असा निरोप दिला. मग दुसऱ्या दिवशी सिद्धू अर्धी रजा टाकून व्हर्नियर घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी उजवा हात पुढं केला. सात सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. बाहेर आल्यावर काउंटरवरच्या मुलीनं फेरतपासणीचे दोनशे रुपये घेतले.

उशीचा अजून पत्ता नव्हता आणि खर्च सुरू झाला होता, हे सिद्धूच्या मनाला फार लागलं.

उशीला किती घालवायचे यावर मग दोघं नवरा-बायको तीन संध्याकाळी बोलत बसले. सिद्धूचं म्हणणं, पाचशेच्या वर उशी असूच शकत नाही. कापूस किती, कापड किती, शिलाई किती, हे त्यानं सोनमला तोंडी सांगितलं आणि उशी तीनशे वीसला बनते असं सिद्ध केलं. सोनमचं म्हणणं, माणसाचं तिसरा हिस्सा आयुष्य उशीवर जातं, दोन हजार म्हणजे काहीच नाहीत. तुमच्या मोबाईलला बावीस हजार कसे चालले, असं तिनं विचारलं. मोबाईलवरनं बोलता येतं, असं तो म्हणाला. बनाबाई भाकरी मोडत ऐकत होती. तिनं उशी कधी विकत घेतलेली नव्हती, त्यामुळे तिचं काहीच म्हणणं नव्हतं. शेवटी पाचशे आणि दोन हजार यांच्या बरोबर मधला साडेबाराशेचा आकडा ठरला आणि दोघंही नाराज झाले.

पोवई नाक्याजवळ जयराज नावाच्या तरुण मालकाचं गाद्यांचं शोरूम होतं. वडिलांच्या वेळचं कापडाचं दुकान मोडून त्यानं ते नवं केलं होतं. खाली लाकडाची फरशी, वर एसी, भिंतीला उशांची मांडणी. उशांचे एक्केचाळीस प्रकार होते आणि ते सगळे तिथली विक्रेती अंकिता हिला पाठ होते. सोमवारी सकाळी अकराला सोनम सासूला घेऊन तिथं गेली.

अंकितानं विचारलं, आजी, तुम्ही कुशीवर झोपता की पाठीवर?

"वाऱ्याकडं पाठ करून," बनाबाई म्हणाली.

अंकितानं कागदावर कुशीवर असं लिहिलं आणि सगळ्यात महागाची उशी काढली. अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव. ही उशी तुमच्या डोक्याचा आकार लक्षात ठेवते, असं तिनं सांगितलं. बनाबाईनं उशी बोटानं दाबून बघितली. खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला.

"माझं डोकं माझ्या ध्यानात हाय की," ती म्हणाली. "आन् एवढ्या पैशात गाभण मेंढी येती. मेंढी येती, वर कोकरू येतं. हिला काय हुतं?"

अंकितानं माहितीपत्रक उलटंपालटं करून पाहिलं. दहा वर्षांची हमी होती, बाकी काही होत नव्हतं.

तरीही बघायला काय जातंय, म्हणून बनाबाई ती उशी घेऊन खाली फरशीवर आडवी झाली. पलंगावर नको म्हणाली. उजवा कान उशीवर टेकवला, डोळे मिटले, थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठून बसली आणि उशी अंकिताच्या हातात परत दिली.

"भैरी हाय ही," ती म्हणाली.

सोनमला आणि जयराजला तिनं मग जे सांगितलं, ते असं. आटपाडीच्या पलीकडं माळावर ती बेचाळीस वर्षं मेंढरांमागं हिंडली होती. झोपायचं ते मेंढरांच्या वाघरीला, म्हणजे जाळीच्या कुंपणाला, लागून, भुईवर, उजव्या कोपरावर डोकं ठेवून. कोपराच्या हाडातनं भुई कानापर्यंत येते. लांडगा आला की कुत्रं भुंकायच्या आधी मेंढरांचे पाय हलतात. मेंढी अडली की खूर घासते. हे सगळं झोपेत ऐकू येत असलं आणि सगळं जिथल्या तिथं असलं की गाढ झोप लागते. नवरा गेल्यावर मेंढरं पुतण्याकडं, धनाजीकडं दिली आणि ती साताऱ्याला आली. सिद्धूनं पलंग दिला, वर आपली जुनी फोमची उशी दिली. त्या उशीतनं काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणून ती दर थोड्या वेळानं मान उचलून डावीकडच्या खोलीत लेक-सून जागेवर आहेत का, याचा अदमास घ्यायची. मान त्यातच गेली होती.

जयराज बारा वर्षं उशा विकत होता. कडक आहे, मऊ आहे, घाम येतो, केस गळतात, अशी सगळी गाऱ्हाणी त्यानं ऐकली होती. उशी बहिरी आहे असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं ते मनावर घेतलं. दुसरी काढ, असं त्यानं अंकिताला सांगितलं.

दुसरी उशी आली. बनाबाईनं आडवी होऊन अंकिताला चालायला लावलं. अंकिता काउंटरपर्यंत जाऊन परत आली. ही पण बहिरी निघाली. तिसरीत ऐकू येत होतं, पण लांबचं जवळ आणि जवळचं लांब. चौथी चुरचुरत होती. बाराला सोनमला कामावर जायचं होतं, ती गेली. बनाबाई राहिली. त्या दिवशी सहा उशा झाल्या, पाच नापास झाल्या आणि एकीवर तिचा डोळा लागला, पण ती दमल्यामुळं, उशीमुळं नव्हे, असं तिनं उठल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही आली. येताना भाकरी बांधून आणायची. तिसऱ्या दिवसापर्यंत दुकानातल्या सगळ्यांची पावलं तिला ओळखू यायला लागली होती. डोळे मिटूनच ती सांगायची की अंकिताच्या एका चपलेचा अंगठा सुटायला आलाय, आणि मालक उजव्या पायावर भार देतोय, डाव्या गुडघ्यात काहीतरी हाय. जयराजचा गुडघा खरंच सहा महिने दुखत होता आणि त्यानं ते घरी सांगितलेलं नव्हतं. त्यानं उशांच्या मांडणीकडं तोंड करून गुडघा चोळला.

चौथ्या दिवशी बनाबाईनं तक्रार केली की एका माणसाच्या चालण्यावर उशी कळत नाही. ती आयुष्यभर दोनशे मेंढरांजवळ झोपली होती. दोनशे जमणार नाहीत, असं जयराजनं नम्रपणे सांगितलं, आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना विनंती केली. साताऱ्यातली माणसं अशा वेळी नाही म्हणत नाहीत. अकरा जण चपला-बूट काढून तिच्याभोवती चालायला लागले. ते रांगेत, गोल, एकामागं एक चालत होते, ते बनाबाईला पसंत पडलं नाही. मेंढरं अशी कवायत करत न्हाईत, ती म्हणाली, जरा मोकळं चाला. मग ती मोकळी चालायला लागली. बँकेतले एक साहेब कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उगाच उभे राहिले. हे बरोबर, असं ती त्यांच्याबद्दल म्हणाली, आणि साहेबांना कामात शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

याच सुमाराला निवृत्त सुभेदार आप्पासो दुकानात आले. त्यांची अडचण नेमकी उलटी होती. अठ्ठावीस वर्षं सीमेवर कान उघडा ठेवून झोपल्यामुळं घरी आल्यावरही त्यांचा कान मिटत नव्हता. फ्रीज ऐकू यायचा, शेजाऱ्यांचा नळ ऐकू यायचा, गल्लीच्या टोकाला कुणी काडी ओढली तर कळायचं. त्यांना ठार बहिरी उशी पाहिजे होती. बनाबाईनं नापास केलेल्या उशांचा ढीग बघून ते बूट काढायला लागले.

मग दोघं फरशीवर, मध्ये दोन हातांचं अंतर सोडून, आडवे व्हायला लागले. बनाबाई उशी बहिरी म्हणाली की ती आप्पासोंकडं जायची. आवं बाई, हीत थोडं ऐकू येतंय की, असं म्हणून ते कधी ती परत करायचे, आणि मग त्या उशीवर दोघांची चर्चा व्हायची. अंकिता दोघांच्या नावानं फुल्या मारत होती. सहाव्या दिवशी आठ हजार नऊशेच्या एका उशीवर आप्पासो जे झोपले, ते अडीच तास हलले नाहीत. अकरा माणसं भोवती चालत होती, एसीवाला येऊन जाळी झाडून गेला, ते उठले नाहीत. जयराजनं जेवणाचा डबा तिथंच उभ्यानं खाल्ला. उठल्यावर सुभेदारांनी किंमत न विचारता उशी घेतली आणि जाताना बनाबाईला सलाम केला.

साताऱ्यात सुभेदार पुष्कळ आहेत. दोन दिवसांत त्यातले चौदा जण बहिरी उशी मागायला आले. त्यांच्या बायकांनी ऐकू येणारी मागितली. कॉलेजातले एक प्राध्यापक येऊन, उशीतून मध्यम ऐकू यावं, अशी मागणी करून गेले. अंकितानं मांडणीचे दोन भाग केले आणि वर पाट्या लावल्या. कुठली उशी कुठल्या भागात ठेवायची, हे ती बनाबाई सकाळी आली की विचारून घ्यायची. उशांच्या एका कंपनीचा माणूस पुण्याहून आला, दारात उभा राहून त्यानं हे सगळं बघितलं, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि जेवायचं आहे असं सांगून गेला तो परत आला नाही.

नवव्या दिवशी एक्केचाळिसांतली चाळिसावी उशी निघाली. खालच्या खणात दोन वर्षं पडलेली होती. साधा घट्ट कापूस, निळ्या रेघांचं कापड, तीनशे पंच्याहत्तर रुपये. बनाबाई तिच्यावर आडवी झाली. माणसं चालायला लागली.  बऱ्याच वेळानं ती डोळे न उघडता म्हणाली, "यातलं एक कुठं गेलं?"

जयराजनं मोजलं. अकरा होते, दहा भरले. एक बाई फोन आला म्हणून दाराबाहेर गेल्या होत्या. त्यांना हात करून आत बोलावलं. त्या परत चालायला लागल्या आणि बनाबाईला झोप लागली.

दुकानातनं फोन गेल्यावर सिद्धू पहिली पाळी संपवून कारखान्याच्या कपड्यांतच व्हर्नियर घेऊन आला. सोनमही आली. आईचं डोकं वर असताना त्यानं उशी मोजली. सात सेंटिमीटर एक मिलिमीटर. एक मिलिमीटर चालतो, असं त्यानं जाहीर केलं. मग त्यानं किमतीची चिठ्ठी बघितली. तिच्यावर दोन हजार चारशे नव्व्याण्णव लिहिलेलं होतं, आणि शाई ओली होती.

जयराज काही लबाड माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं की या उशीचे तीनच नग आहेत, चालणाऱ्यांतल्या चौघांनी मघाशीच मागितल्यात, आणि आता हा तपासून पास झालेला माल आहे. सिद्धू म्हणाला, तपासला कुणी? माझ्या आईनं. मग तिची नऊ दिवसांची मजुरी काढा. जयराज म्हणाला, काढू, पण नऊ दिवसांची फरशी, एसी आणि चहा पण काढू. सोनमनं मध्ये पडून दोन हजारांपर्यंत आपण आधीच म्हटलं होतं, याची नवऱ्याला आठवण करून दिली. सिद्धूनं साडेबाराशे ठरलं होतं, याची बायकोला आठवण करून दिली. चालणारी माणसं थांबून ऐकायला लागली. बँकेतल्या साहेबांनी अठराशे हा आकडा सुचवला. प्राध्यापकांचं मत पडलं की ऐकू येण्याची किंमत पैशात करता येत नाही. 

बनाबाई उठली. मांडणीवरचा एक फुलाफुलांचा कोरा अभ्रा तिनं घेतला, त्यात आपला उजवा हात कोपरापर्यंत घातला आणि अभ्र्याचं तोंड जयराजपुढं धरलं.

"घाल हात," ती म्हणाली.

जयराजला कळेना. सिद्धूला कळलं आणि तो एक पाऊल मागं सरकला. मेंढरांच्या बाजारात व्यवहार असाच होतो. गिऱ्हाईक आणि धनी रुमालाखाली एकमेकांचे हात धरतात आणि बोटांनी भाव सांगतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. सासरे होते तोवर ते करायचे, मग नवरा करायचा. एका साली नवरा आजारी पडला तेव्हा बाईमाणसाबरोबर हात धरून सौदा करायला व्यापारी तयार होईनात. बनाबाईनं त्या बाजारात दिवस मावळेपर्यंत पदराखाली हात घालून वाट बघितली होती, आणि शेवटी तिच्या दोन्ही एडक्यांना आटपाडीत त्या दिवशीचा सगळ्यात चांगला भाव मिळाला होता. किती, ते नवऱ्यालासुद्धा तिनं सांगितलं नव्हतं.

जयराजनं हात घातला. बनाबाईनं आधी त्याला बोटं शिकवली, ते आतल्या आतच. मग सौदा सुरू झाला. दुकान इतकं शांत झालं की एसीचं पाणी बाहेर बादलीत पडत होतं ते ऐकू येत होतं. अभ्रा मधूनमधून हलायचा. जयराज एकदा हसला. एकदा त्यानं नाही नाही म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा बनाबाईनं मानेनंच गप्प राहायला सांगितलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मग बऱ्याच वेळानं त्यानं डोळे मिटून होकार दिला.

बनाबाईनं हात काढला, सगळ्यांकडं पाठ केली, कनवटीच्या पिशवीतनं पैसे काढले आणि अभ्र्यात टाकून अभ्रा त्याच्या हातात दिला. त्यानं आत हात घालूनच मोजले. सिद्धू म्हणाला, आये, पैसे मी देणार हुतो.  मग त्यानं निदान बिल तरी द्या म्हटलं. भाव तोंडातनं गेला की सौदा मोडतो, हे बनाबाईनं जयराजला बजावून ठेवलं होतं. त्यानं थोडा विचार केला आणि बिलावर लिहिलं, उशी नग एक, आणि रकमेच्या जागी, मिळाले.

बारा-पंधरा दिवसांत बनाबाईची मान सुधारली. भाजी चिरताना डावीकडच्या खिडकीतनं रस्ता बघता यायला लागला. उशी तिनं पलंगावरनं खाली फरशीवर आणली होती. सकाळी उठली की इमारतीत काय काय झालं ते चहा पिताना ती सांगायची. वरच्या मजल्यावरची मुलगी अनवाणी गच्चीत जाऊन आली. खालचे गुरुजी दोनदा पाणी प्यायला उठले. आणि सिद्धूनं सतरा वेळा कूस बदलली.

हे खरं होतं. सिद्धूची झोप उडाली होती. तीनशे पंच्याहत्तर आणि दोन हजार चारशे नव्व्याण्णव, याच्या मध्ये कुठंतरी आपल्या आईनं पैसे दिलेत, आणि ते किती हे सगळ्या साताऱ्यात एका गादीवाल्याला ठाऊक आहे, हा विचार त्याला स्वस्थ पडू देत नव्हता. त्यानं आईला सरळ विचारलं, आडून विचारलं. सोनमकरवी विचारलं, तर सोनमनं विचारायला नकार दिला. तिला आता असं वाटायला लागलं होतं की सासूनं दोन हजारांच्या जवळपासच दिले असणार, आणि उगाच विचारून ते खोटं ठरायला नको. अंकिताला तो बसस्टॉपवर गाठून विचारून आला. तिला खरंच माहीत नव्हतं. जयराजकडं तो दोनदा गेला. पहिल्या खेपेला जयराजनं गुडघ्याच्या ऑपरेशनचा विषय काढला. दुसऱ्या खेपेला सिद्धूनं त्याच्यापुढं बोटं धरली, नुसतं दाबून दाखवा म्हणाला, तेव्हा जयराजनं आपले दोन्ही हात खिशात घातले.

"आजींनी शब्द घेतलाय," तो म्हणाला. "आणि खरं सांगू का, मला तो सौदा मोडवत नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा हात धरून सौदा केलाय."

सिद्धूची कूस एकवीसवर गेली. लेथवर त्याचे दोन नग नापास झाले. सुपरवायझरनं घरी काही आहे का म्हणून विचारलं, तर सिद्धूनं उशी असं उत्तर दिलं. सुपरवायझरनं पुढं विचारलं नाही.

दिवाळीनंतर मेंढरांची लोकर कातरायची होती, म्हणून बनाबाई दहा दिवसांसाठी धनाजीकडं निघाली. उशी बरोबर घेतली. एसटीत तिला फुकट होतं, पण उशीला तिनं खिडकीची जागा दिली, दाबली जाऊ नये म्हणून. विट्याला गर्दी झाली तेव्हा कंडक्टरनं उशी मांडीवर घ्यायला सांगितली. तिनं त्याचा हात धरून उशीवर टेकवला आणि चार वाक्यांत काय ते सांगितलं. कंडक्टर पुढं गेला आणि खरसुंडी येईस्तोवर त्या जागेवर त्यानं कुणाला बसू दिलं नाही.

धनाजीनं वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, गावापासून मैलभरावर बसवला होता. बनाबाईनं वाघरीला लागून जागा झाडली, उशी भुईवर ठेवली आणि कित्येक महिन्यांनी वाऱ्याकडं पाठ करून आडवी झाली. मेंढरं ऐकू आली. सगळी जागेवर होती, एक लंगडत होती. पण त्याच्या खालनं दुसरंही ऐकू यायला लागलं. पठारावर पवनचक्क्या होत्या, त्यांची घरघर जमिनीतनं येत होती. दोन रानं सोडून कुणीतरी बोअर मारत होतं. पूर्वी जिथं गाडीवाट होती तिथं डांबरी झाली होती आणि तिच्यावरनं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. कोपरावर झोपायची तेव्हा हे इतकं येत नव्हतं, किंवा तेव्हा नव्हतंच. उशी चांगली होती, फार चांगली होती. बनाबाईनं ती उलटी करून बघितली, खाली घोंगडं घालून बघितलं. धनाजी कानात गाण्याची यंत्रं घालून घोरत पडला होता. लंगडणारी मेंढी दाखवायला तिनं त्याला सकाळी उठवलं, आणि रान लय बडबडाय लागलंय, असंही सांगितलं. धनाजी म्हणाला, कुठं काय?

तिसऱ्या दिवशीही तेच. पवनचक्क्या, बोअर, ट्रॉल्या, धनाजीचं घोरणं, सगळं ऐकू येत होतं. एक आवाज मात्र त्यात नव्हता, आणि तो नाही म्हणून तिला नीट झोप लागेना. एकवीस वेळा कूस बदलणारं तिथं कुणी नव्हतं. कातरणीचं निम्मं काम व्हायचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं उशी पदरात गुंडाळली आणि धनाजीला फाट्यापर्यंत सोडायला लावलं.

सिद्धू साताऱ्याच्या स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. इतक्या लवकर कशी आलीस, मेंढरं बरी आहेत ना, असं त्यानं विचारलं. मेंढरं बरी आहेत, ती म्हणाली, तुझी झोप कशी हाय? तो म्हणाला, लागत नाही. ती बरं म्हणाली आणि मागं बसली. उशी दोघांच्या मध्ये होती. गाडी सुरू झाल्यावर सिद्धूच्या पाठीला ती लागायला लागली, घट्ट आणि सारखी, कुठं गाठ नाही, कुठं पोकळ नाही. कारखान्यात वीस वर्षं माल हातानं ओळखणारा माणूस तो. त्याला वाटलं, पाठीला लागतंय यावरनं भाव सांगता यायला पाहिजे.

"सहाशे?" त्यानं मान मागं करून विचारलं.

बनाबाईनं उशी सारखी केली. पुढच्या वळणावर त्यानं साडेसातशे म्हटलं. रिक्षाथांब्याजवळ नऊशे. तिनं रस्त्याकडं बघून चालीव एवढंच सांगितलं. पोवई नाक्यापर्यंत तो अठराशेवर पोचला होता.